‘दादा, माझी साखर म्हणजे तुझा डॅशबोर्ड नाही’

आजचा भाग जरा घरचा आहे. बहिणीला विचारून करतोय. तिने स्क्रिप्ट आधी वाचलंय आणि दोन ठिकाणी खोडलंय पण. तिचं नाव घ्यायचं नाही, ही तिची अट. आणि माझ्याकडून एक खुलासा: मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. त्यामुळे इथं ऐकून कुणी आपला इन्सुलिनचा डोस वरखाली करू नका. ते डॉक्टरांशी बोलून.

तर, ऑक्टोबर २०२२. रात्रीचे २ वाजून ५० मिनिटं. मी पुण्यात फ्लॅटवर गाढ झोपलेलो आणि उशाखालचा फोन केकाटायला लागला. स्क्रीनवर आकडा ५८, शेजारी खाली तोंड केलेला बाण. ही बहिणीच्या अंगातली साखर. ती तेव्हा कोल्हापूरला हॉस्टेलवर, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: ७० च्या खाली गेली की साखर कमी समजतात, ५४ च्या खाली गेली की गंभीर. आणि बाण खाली म्हणजे अजून घसरतेय.

मी फोन लावला. उचलला नाही. परत लावला. सहा वेळा लावला. तुम्हाला सांगतो, पुणे ते कोल्हापूर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर आहे हे मला माहीत होतं, पण त्या रात्री ते पहिल्यांदा कळलं. शेवटी हॉस्टेलच्या रेक्टर मॅडमना उठवलं. त्यांनी जाऊन दार बडवलं, शेजारच्या चार खोल्या जाग्या झाल्या, आणि माझी बहीण डोळे चोळत बाहेर आली. ठणठणीत. बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर बघितलं तर ११२.

झालं काय होतं, तर ती सेन्सर लावलेल्या दंडावर झोपली होती. हा सेन्सर रक्तातली साखर थेट मोजत नाही. त्याची केसासारखी बारीक तार कातडीखालच्या द्रवातली साखर मोजते. त्या जागी दाब आला की तिथला प्रवाह मंदावतो आणि आकडा खोटाच खाली जातो. कूस बदलली की परत वर येतो. हे मला नंतर वाचून कळलं. त्या रात्री मला फक्त ५८ दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला ॲपमधून काढून टाकलं. कारण विचारलं तर एक वाक्य आलं, जे या भागाचं नाव आहे.

आता जरा मागे जातो. ती १२ वर्षांची असताना तिला टाइप १ डायबेटिस निघाला. आमच्या आजोबांना होता तो नाही बरं का. त्यांचा टाइप २, उतारवयातला, गोळ्यांवर चाललेला. टाइप १ मध्ये शरीराची स्वतःचीच संरक्षणयंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. जास्त गोड खाल्ल्याने होत नाही, कारलं खाऊन जात नाही. इन्सुलिन बाहेरून टोचायचं, आयुष्यभर, दिवसातून चार-पाच वेळा. आणि प्रत्येक वेळी किती टोचायचं हा हिशेब: आत्ता साखर किती, पुढे काय खाणार, खेळायला जाणार का, पाळी आलीय का. डॉक्टर तीन महिन्यांनी एकदा पंधरा मिनिटं भेटतात. मधले सगळे दिवस हा हिशेब पेशंटच करतो. म्हणजे ‘पेशंटने स्वतःची तब्येत स्वतः सांभाळायची’ ही कुठली नवी ॲपवाली कल्पना नाही, टाइप १ वाला ते पहिल्या दिवसापासून करतोच. त्याच्याकडे साधन काय असतं, एवढाच प्रश्न.

आमच्याकडे साधन होतं एक दोनशेपानी वही. बाबांनी पट्टीने रकाने आखलेले: तारीख, वेळ, साखर, इन्सुलिन, शेरा. शेऱ्यात आईचं अक्षर: ‘भात जास्त’, ‘वाढदिवस’, ‘रडली’. दिवसाला चार वेळा बोट टोचायचं. एका पट्टीला वीसेक रुपये. वही घेऊन कराडहून डॉक्टरांकडे जायचं. ते वही चाळायचे आणि एचबीएवनसीचा रिपोर्ट बघायचे. ही टेस्ट साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते. तिची ७.२ यायची. ‘छान चाललंय’ म्हणायचे, आम्ही खूश.

सरासरीबद्दल मी इंजिनियर म्हणून शंका घ्यायला हवी होती, ती मी घेतली नाही. सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम छान दिसतो आणि दर शंभरातले दोन युजर लटकलेले असतात, हे मी ऑफिसात रोज बघतो. घरी नाही सुचलं. एकदा ४५ आणि एकदा २५५, सरासरी १५०. कागदावर सुरेख.

ती बारावीला असताना डॉक्टरांनीच सुचवलं की एकदा सेन्सर लावून बघू. रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठी चकती, दंडाला चिकटवायची, चौदा दिवस चालते. आमच्याकडचा जो होता त्याला फोन टेकवला की आकडा दिसायचा. चौदा दिवसांनी ॲपने एका पानाचा रिपोर्ट काढून दिला. चौदाही दिवस एकावर एक ठेवून एकच चोवीस तासांचा आलेख. त्यात रात्री दोन ते चारच्या दरम्यान एक खड्डा होता. एखाद्या रात्री नाही, बहुतेक रात्री. साखर साठच्या आसपास, कधी पन्नास. ती झोपेत, आम्ही झोपेत. वहीत त्या वेळेचा रकानाच नव्हता, कारण त्या वेळी कोण बोट टोचणार?

सकाळी तिचं डोकं दुखायचं, उशी घामाने ओली असायची. आई म्हणायची, अभ्यासाचं टेन्शन घेतेय.

डॉक्टरांनी ते पान बघितलं आणि दोन मिनिटांत रात्रीचं दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन कमी केलं. खड्डा बराच भरला. या सगळ्या प्रकारात मला ॲपचं सगळ्यात मोठं काम कुठलं वाटतं विचाराल तर हे एक पान. पाणी प्या, गोळी घ्या, शाब्बास म्हणणारी नोटिफिकेशन्स नाहीत. ती आमच्या वहीनेही केली असती, वही फक्त शाब्बास म्हणत नव्हती.

पण सेन्सर महाग. आम्हाला एक पडतो चार-पाच हजारांच्या घरात आणि महिन्याला दोन लागतात. बाबांनी ठरवलं, परीक्षेचे महिने, आजारपण आणि डोस बदलला की लावायचा. एरवी ग्लुकोमीटर. हे मुद्दाम सांगतोय, कारण अशा विषयावर बोलणारे बरेच जण खर्चाचा भाग गाळतात.

मग ती हॉस्टेलला जायची वेळ आली आणि आईची झोप उडाली. घरी असताना आई मध्यरात्री उठून तिच्या कपाळाला हात लावून बघायची. गार घाम आहे का ते. कोल्हापूरला कोण हात लावणार? मी म्हटलं, थांब, मी करतो काहीतरी. आणि शोधायला लागल्यावर कळलं की हे ‘काहीतरी’ माझ्याआधी एका बापाने करून ठेवलंय.

जॉन कॉस्टिक. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातला एक सॉफ्टवेअरवाला. २०१२ मध्ये त्याच्या चार वर्षांच्या मुलाला, इव्हानला, टाइप १ निघाला. त्यांना सेन्सर मिळाला. दर पाच मिनिटांनी आकडा, म्हणजे दिवसाला २८८ आकडे. पण ते सगळे एका छोट्या रिसिव्हरवर दिसायचे, जो मुलाजवळच ठेवावा लागायचा. मुलगा शाळेत, बाप ऑफिसात, आणि आकडे मुलाच्या दप्तरात. कॉस्टिकने रिसिव्हरला केबलने अँड्रॉइड फोन जोडला, आकडे कसे वाचायचे ते शोधून काढलं आणि ते इंटरनेटवरच्या एका स्प्रेडशीटमध्ये टाकायला सुरुवात केली. बस. आता ऑफिसात बसून दिसायला लागले. मे २०१३ मध्ये त्याने ते ट्विट केलं आणि जगभरातून आईबाप मागे लागले, आम्हालाही दे. त्यातून पुढे बऱ्याच जणांनी मिळून ‘नाइटस्काउट’ उभं राहिलं. कोड सगळ्यांना खुला. या लोकांचं ब्रीदच होतं, आम्ही थांबणार नाही. कंपन्या करतील, सरकारी मंजुरी येईल, तोवर रात्री जागायच्या कुणी? जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सेन्सर कंपनीच्या स्वतःच्या शेअरिंग ॲपला मंजुरी दिली, पण तोवर हजारो घरांत नाइटस्काउट चालू झालेलं होतं.

मी तेच उभं केलं. दंडावरच्या सेन्सरवर एक छोटा ब्लूटूथ रीडर चिकटवला, म्हणजे फोन टेकवायची गरज नाही. तिच्या फोनवर एक्सड्रिप नावाचं ॲप, ते आकडे नाइटस्काउटच्या सर्व्हरवर टाकणार, आणि तिथून माझ्या नि आईच्या फोनवर. आजकाल नव्या सेन्सरमध्ये ब्लूटूथ आतच असतं आणि घरच्यांनी बघायचं ॲप कंपनीच देते, त्यामुळे तुम्हाला एवढा खटाटोप करावा लागेलच असं नाही.

खटाटोप म्हणजे किती, ते ऐका. पहिल्याच आठवड्यात रात्रभर एकही आकडा आला नाही. फोनच्या बॅटरी सेव्हरने ॲप ‘वापरात नाही’ म्हणून गप्प झोपवून टाकलं होतं! आपल्याकडच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनना ही खोड आहे. तुमच्या घरात कुणाच्या फोनवर असं तब्येतीचं ॲप असेल तर आजच सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला बॅटरीच्या बंधनातून सूट द्या, आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’ असतानाही त्याचा अलार्म वाजेल असं करा. दुसरं, मी सर्व्हर टाकला होता एका क्लाउड कंपनीच्या मोफत योजनेवर. २०२२ च्या शेवटी ती योजनाच बंद झाली. मेल आलेला, मी वाचला नव्हता. फुकट सर्व्हरवर कॉलेजचा प्रोजेक्ट चालवणं वेगळं आणि बहिणीची रात्र चालवणं वेगळं. आता महिन्याला थोडे पैसे भरतो.

तर हे सगळं जमवून मी फार खुशीत होतो. ऑफिसच्या दुसऱ्या मॉनिटरवर तिचा आलेख उघडा असायचा. दुपारी रेष वर गेली की मेसेज: ‘काय खाल्लंस?’ आई तिकडून: ‘वडापाव ना?’ बाबांना आकडा दिसत नव्हता, त्यांना आई फोन करून सांगायची, मग बाबांचा फोन. तीन दिवसांतून एकदा असं नाही, रोज. मला वाटायचं मी काळजी घेतोय. तिच्या बाजूने बघा: वर्गात बसलीय, आणि दंडावरून तिघांना बातमी जातेय की हिने पाव खाल्ला.

त्यात ती रेक्टर मॅडमची रात्र झाली. आणि त्या रात्रीने आणखी एक गोष्ट उघडी पाडली. हॉस्टेलमध्ये कुणाला माहीतच नव्हतं तिला डायबेटिस आहे. आईने बजावलं होतं, कुणाला सांगू नकोस, पुढे लग्नाचं बघायचंय. म्हणून ती पूर्ण बाह्यांचे कुर्ते घालायची, इन्सुलिन बाथरूममध्ये जाऊन घ्यायची. रूममेटला वाटायचं ही बया जेवायच्या आधी दर वेळी बाथरूमला का जाते. आणि माझ्या अलार्मने चार खोल्यांना एका रात्रीत सगळं सांगून टाकलं.

म्हणून तिने मला काढलं. बरोबरच केलं. पण हे ‘बरोबरच’ म्हणायला मला दोन आठवडे लागले. आधी भांडलो. ‘मेलीस तर?’ असं म्हणालो मी तिला. हे तिने खोडलं नाहीये स्क्रिप्टमधून, म्हणाली राहू दे.

दिवाळीला दोघं कराडला आलो तेव्हा माळ्यावर बसून बोललो. मी त्या काळात डेना लुईसबद्दल वाचत होतो. ही सिॲटलची, स्वतः टाइप १ वाली, आणि पेशाने प्रोग्रामर नव्हती. तिची अडचण साधी: सेन्सरचा अलार्म इतका हळू वाजायचा की तिला जागच यायची नाही, आणि ती एकटी राहायची. तिने कॉस्टिकचं ट्विट बघून त्याच्याकडे कोड मागितला, आणि ती आणि तिचा जोडीदार स्कॉट लाइब्रँड यांनी मोठ्याने वाजणारा अलार्म केला. पण त्यात एक बटण होतं. अलार्म वाजला की तिने सांगायचं, मी बघितलंय, हे केलंय. तिने काहीच दाबलं नाही तरच स्कॉटला खबर. पुढे २०१५ मध्ये त्यांनी ओपनएपीएस खुलं केलं. त्यात सेन्सरचा आकडा बघून पंपातलं इन्सुलिन आपोआप कमीजास्त होतं. अँड्रॉइड फोनवर चालणारी अशीच एक खुली प्रणाली न्यूझीलंडमध्ये ९७ जणांच्या चाचणीत तपासली गेली आणि २०२२ मध्ये निष्कर्ष आले: ती वापरणाऱ्यांची साखर योग्य पट्ट्यात रोज सुमारे ३ तास २० मिनिटं जास्त राहिली. घरगुती जुगाड म्हणून हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ही. आपल्याला पंप परवडत नाही, तो विषय वेगळा.

पण मी अडकलो त्या बटणावर. इव्हान चार वर्षांचा होता, त्याचे आकडे बापाकडे जाणं बरोबरच. डेना मोठी बाई होती, तिचे आकडे आधी तिच्याकडे. मी माझ्या अठरा वर्षांच्या बहिणीला चार वर्षांच्या पोराचं सॉफ्टवेअर लावलं होतं.

तिला विचारलं, तुला कसं हवंय? तिने कागद घेतला आणि तिथेच लिहून दिलं. इतकी स्वच्छ रिक्वायरमेंट मला कुठल्या क्लायंटने दिलेली नाही. ६० च्या खालचे सलग तीन आकडे आले तर फक्त तिचा फोन वाजेल. तीन का, तर दंडावर झोपल्याचा खोटा अलार्म बऱ्याचदा तेवढ्यात निवळतो. पण ५४ च्या खाली गेली तर तीनची वाट बघायची नाही. दहा मिनिटांत तिने ‘बघतेय’ दाबलं नाही तर दुसरा फोन वाजेल. आणखी दहा मिनिटांनी माझा. आईला फक्त रोज सकाळी एक मेसेज, ‘रात्र बरी गेली’ किंवा ‘सकाळी फोन करते’. आणि वर गेलेली साखर कुणालाही दिसणार नाही. मी म्हटलं, वरची का नाही? म्हणाली, वर गेलेली मिनिटांत मारत नाही, तेवढा वेळ मला आहे, आणि तुमची भाषणं सगळी वरच्याच साखरेवर असतात.

कोड म्हणाल तर शंभरेक ओळींचा पायथन आणि टेलिग्रामचा एक बॉट. एका रविवारी झाला.

खरी अडचण होती तो दुसरा फोन. मी गृहीत धरलं होतं माझाच. ती म्हणाली, दादा, तू पुण्यातून काय करणार? परत रेक्टरला उठवणार? दुसरा फोन रूममेटचा. ती चार फुटांवर झोपते, ती ग्लुकोजची पावडर तोंडात घालू शकते.

आता रूममेटचा फोन लावायचा म्हणजे रूममेटला बसवून सगळं सांगायला हवं. टाइप १ म्हणजे काय. साखर खाली गेली की मी चिडचिड करेन, असंबद्ध बोलेन, तेव्हा मनावर घेऊ नकोस. शुद्धीत असेन तर तीन चमचे साखर पाण्यातून दे, पंधरा मिनिटं थांब, परत बोट टोचून बघ, नाही चढली तर परत दे. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नकोस, ॲम्ब्युलन्सला फोन कर. हे बोलायचं म्हणजे आईने घातलेलं कुलूप उघडायचं. यासाठी मी काही कोड लिहू शकत नव्हतो.

आईला ती स्वतः बोलली. स्वयंपाकघरात, चकल्या तळताना. मी बाहेर होतो, सगळं ऐकू आलं नाही. एवढं ऐकू आलं की आई म्हणाली, ‘चार लोकांत होईल.’ आणि ही म्हणाली, ‘झालंय अगं आई, चार खोल्यांत झालंय.’ मग बराच वेळ नुसता तेलाचा आवाज. त्यानंतर आईने विचारलं, ती मुलगी झोपेची जड नाही ना?

ती मुलगी झोपेची जड निघाली. पहिल्या खऱ्या अलार्मला, जानेवारीत, तिच्या बाजूच्या खोलीतली उठली आणि तिने येऊन दोघींना उठवलं. आकडा खरंच ४९ होता. साखर दिली, चढली. मला सकाळी कळलं. माझ्या फोनची पाळीच आली नाही. खरं सांगू? आधी मला जरा वाईट वाटलं.

आता ती शेवटच्या वर्षाला आहे. अर्ध्या बाह्यांचे टॉप घालते. वर्गातल्या एकाने दंडाकडे बघून विचारलं, हे काय आहे, तर म्हणाली चार्जिंग पॉइंट. आईचं लग्नाचं टेन्शन गेलेलं नाही, ते काही ॲपने जाणारं नाही. ती सकाळचा मेसेज मात्र बघते, आणि त्यावर रोज एक फुलाचा फोटो पाठवते. तोही बॉटला! बॉट उत्तर देत नाही याचं तिला काही नाही.

एक राहिलं. बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलेलं की कुठलं ॲप घेऊ. नाव मी सांगणार नाही, तुमचा सेन्सर किंवा मीटर कुठला त्यावर ते ठरतं. पण घेण्याआधी तीन गोष्टी स्वतः करून बघा. तुमचे सगळे आकडे फाइल म्हणून बाहेर काढता येतात का? डॉक्टरांना दाखवायला एक पान निघतं का? आणि शेअर केलेलं बंद करायचं बटण कुठे आहे, ते पेशंटच्या हातात आहे का? हे तिसरं बटण घरातल्या दुसऱ्या कुणी शोधायचं नाही, पेशंटनेच शोधायचं. माझ्या बहिणीला ते मी दाखवलं नव्हतं. तिने रागाच्या भरात चाळीस सेकंदांत शोधलं.

सध्याचा सेन्सर गुरुवारी संपला. पुढचा परीक्षेच्या आधी लावणार, तोवर ग्लुकोमीटर आणि रात्री दोनचा गजर. म्हणजे हे दोन आठवडे माझा फोनही गप्पच राहणार आहे. ते कसं जातंय, ते तिला विचारा. मला विचारायची परवानगी नाही.